पिंजाऱ्याची चकचकीत नाणी

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण ज्यांना ते ठाऊक होतं ती माणसंही आता जुनी होऊन गेली. एका रुंद नदीच्या काठी एक राज्य होतं आणि त्या राज्यातल्या एका गावात एक पिंजारी राहत होता.

पिंजारी म्हणजे काय, ते मोठ्यांना ठाऊक आहे. लहानांसाठी सांगतो. गादी वापरून वापरून फळीसारखी झाली, उशीत गाठी झाल्या, की पिंजाऱ्याला हाक मारायची. तो अंगणात बसून गादी उसवणार, आतला कापूस पिंजणाच्या तारेवर धरणार आणि तुंई तुंई करत असा पिंजणार की घट्ट बसलेला कापूस पुन्हा हलका होऊन उडायला लागावा. संध्याकाळी आपला पिंजारी घरी परतायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानही पांढरे असायचे. बायको दारातच हसायची आणि म्हणायची, "या आजोबा, आज फारच पिकलात!"

आता मला सांगा, माणसं पैसे कुठे लपवतात? कुणी जमिनीत पुरतात, कुणी धान्याच्या कणगीत ठेवतात आणि बरेच जण उशीत शिवून टाकतात. मग लपवणारा विसरतो, किंवा मरून जातो, आणि उशी मात्र नातवंडांपर्यंत चालत राहते. तोवर राजे बदललेले असतात. राजा बदलला की नाणंही बदलतं आणि जुन्या राजाच्या नाण्याला बाजारात कुणी कोथिंबिरीची काडीसुद्धा देत नाही.

पिंजाऱ्याच्या तारेत असं एखादं नाणं अडकायचं. माणूस प्रामाणिक होता. तो लगेच घरमालकिणीला हाक मारायचा, "वहिनी, हे तुमच्या उशीत निघालं." वहिनी ते हिरवंकाळं नाणं उलटंसुलटं करून बघायची आणि म्हणायची, "हे कोण घेतंय आता? टाका तिकडे. नाहीतर तुम्हीच ठेवा." कधी एखादी वहिनी हुशार निघायची. पिंजाऱ्याचे डोळे चमकलेले बघून ती नाणं मुठीत दाबून ठेवायची. मग पिंजारी म्हणायचा, "उशीची मजुरी नको मला, हे द्या." असा सौदा व्हायचा. वहिनीला वाटायचं पिंजारी वेडा आहे आणि पिंजाऱ्याला वाटायचं वहिनी भोळी आहे. दोघंही खूश.

बाजाराच्या दिवशी तो तांबटाकडेही डोकवायचा. तिथे मोडीचा ढीग असायचा. फुटके तांबे, वाकडे पळे आणि त्यात वितळवायला आणलेली जुनी नाणी. हातात चार पैसे उरले असतील तर त्या ढिगातलं एखादं नाणं तो तांब्याच्याच भावानं उचलायचा. सोन्याची, चांदीची नाणी त्याला परवडणारी नव्हती. शेठ लोक ज्यांच्याकडे बघतही नाहीत अशी झिजलेली, काठ तुटलेली, भोक पडलेली नाणी त्याच्या वाट्याला यायची, आणि खरं सांगू का, त्याला तीच आवडायची. इतकी माणसं ज्याला हाताळून गेली ते नाणं झिजणारच, असं तो म्हणायचा. अर्थात मनातल्या मनात.

आणि काय काय सापडायचं त्यात! एका राजाच्या नाण्यावर हत्ती होता, एकाच्या नाण्यावर तीन कमानींची टेकडी. एका घराण्याच्या नाण्यावर राजाचा चेहरा होता. तो ठसा बघून दुसऱ्यानं ठसा केला, दुसऱ्याचा बघून तिसऱ्यानं, आणि शेवटी तो राजा आहे की उलटा ठेवलेला पाट हेच कळेनासं झालं. दुसऱ्या एका राजाच्या टांकसाळीत ठसा मोठा आणि नाणं लहान, म्हणून एकाही नाण्यावर राजाचं अख्खं नाव उठलेलं नव्हतं. पिंजाऱ्यानं त्या राजाची नाणी वर्षानुवर्षं जमवली. एकावर पहिलं अक्षर, एकावर शेवटचं, एकावर मधलं. ज्या दिवशी पूर्ण नाव जुळलं त्या दिवशी तो खोलीत एकटाच नाचला. बाहेरून बायकोनं विचारलं, "काय झालं हो?" तो म्हणाला, "काही नाही, विंचू होता."

बघा, इथेच गोम होती. एवढा मोठा आनंद, आणि घरात सांगितलं काय, तर विंचू!

याला एक कारण होतं. लग्नाच्या आधी एकदा त्यानं आपली नाणी पारावर नेऊन दाखवली होती. तेव्हा सगळा पार हसला होता. "ही खापरं कशाला गोळा करतोस रे? भातुकली मांडणार का?" तेव्हापासून त्यानं ठरवलं की हे कुणाला दाखवायचं नाही. त्याची बायको मोठ्यानं बोलणारी आणि त्याहून मोठ्यानं हसणारी होती. ती हसली तर आपल्याला सोसणार नाही, अशी भीती त्याच्या मनात बसली ती बसलीच. त्यानं एक लाकडी पेटी केली. प्रत्येक नाण्यासाठी स्वच्छ पिंजलेल्या कापसाचं घरटं केलं. राजांच्या क्रमानं नाणी लावली आणि पेटी कोनाड्यात ठेवली. बायको नदीवर गेली की तो पेटी उघडायचा आणि तिच्या बांगड्या वाजल्या की बंद करायचा.

रांगेतलं पहिलं घरटं मात्र रिकामं होतं. त्या राज्याचा पहिला राजा नदीतून होडीनं आला होता, असं म्हणत. त्याच्या नाण्यावर होडी होती. सगळे राजे जमले, पण तो पहिला काही सापडत नव्हता. पिंजारी त्या रिकाम्या कापसाकडे बघून उसासा टाकायचा.

त्या राज्याच्या राणीलाही जुन्या नाण्यांचा नाद होता. आता राणीचा नाद तो, त्याला खोली लागायचीच. राजवाड्यात एक नाणेघर होतं आणि त्यात होडीचं नाणंही होतं. दरवर्षी जत्रेच्या वेळी राणी वाड्याच्या पटांगणात नाण्यांचा मेळा भरवायची. ज्याच्याकडे जुनी नाणी असतील त्यानं घोंगडी अंथरून ती मांडायची. पाहुण्यांची ओळख करून देतो तशी एकेका नाण्याची ओळख करून द्यायची. किंमत मात्र सांगायची नाही. जो किंमत सांगेल त्याची घोंगडी तिथल्या तिथे गुंडाळली जायची. ज्याची मांडणी राणीला आवडेल त्यानं नाणेघरात जायचं आणि मनाला येईल ते एक नाणं घेऊन यायचं.

पिंजारी कितीतरी वर्षं ठरवत होता, यंदा जायचं. पारावरचं हसू आठवलं की पाय मागे यायचे. त्या वर्षी मात्र त्यानं मनाचा हिय्या केला. मेळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो बायकोला म्हणाला, "अगं, उद्या मेळ्याला जातोय. त्या कोनाड्यातल्या पेटीतली जुनी नाणी राणीसाहेबांपुढे मांडायची आहेत."

"बरं," बायको म्हणाली आणि पुढे काही सांगतो का म्हणून थांबली. तो पिंजण खांद्यावर टाकून पाटलांच्या गाद्या पिंजायला निघून गेला.

आता ही बायको कोण, तेही सांगायला हवं. तिचं माहेर कल्हईवाल्याचं. ज्या घरात काळं भांडं राहणं म्हणजे बापाचं नाक कापलं जाणं, अशा घरात ती वाढली होती. तिचे तांबे असे लखलखीत असायचे की शेजारणी पाण्याला आल्या की त्यात बघून केस सारखे करायच्या. तिनं त्या दिवशी पेटी उघडली आणि आत बघितलं.

"अगं बाई! हे असं राणीसाहेबांपुढे मांडणार? हिरवं, काळं, शेवाळलेलं? लोक काय म्हणतील? यांच्या घरात चिंच मिळत नाही का राख मिळत नाही?"

नवऱ्याला खूश करायचं म्हणून तिनं पदर खोचला. मोठ्या परातीत चिंच कोळली, मीठ घातलं आणि सगळी नाणी त्यात बुडवली. हिरवा थर सुटायला लागला तशी तिला हुरूप आला. मग राख घेतली. राखेलाही न जुमानणारी काही हट्टी नाणी होती. त्यांच्यासाठी तिनं विटेचा चुरा काढला आणि काथ्यानं घसाघसा घासलं. घासताना गाणं म्हणत होती बिचारी. पेटीतलं पहिलं घरटं मुळातच रिकामं होतं, तर त्या कापसाच्या तिनं दिव्यासाठी वाती वळल्या. वाया कशाला घालवायचा?

तिला काय ठाऊक की तो हिरवाकाळा थर हीच जुन्या नाण्याची कातडी असते! झिजलेल्या नाण्यावर जे थोडंफार उरलेलं असतं ते त्या थरानंच धरून ठेवलेलं असतं. तो गेला की हत्तीही जातो आणि अक्षरंही जातात. हे पिंजाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. तो नाण्याला कधी ओलं बोटही लावत नसे.

दिवस मावळायच्या आत पिंजारी घरी आला. ओट्यावर पितळी ताट होतं आणि ताटात काहीतरी इतकं चमकत होतं की त्याला डोळे मिटावे लागले.

"ओळखा बघू!" बायको म्हणाली. तिला आनंद मावत नव्हता.

त्यानं एक चकती उचलली. उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग दुसरी उचलली. मग तिसरी.

"हत्ती कुठे गेला?" त्यानं विचारलं.

"कुठला हत्ती?" बायको म्हणाली.

पिंजाऱ्यानं चकती ताटात टाकली. त्याला रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला. "कुणी सांगितलं होतं तुला ह्यांना हात लावायला?" तो ओरडला. "सगळं घालवलंस! माझ्या जन्माची जमवाजमव एका परातीत बुडवलीस!"

बायको आधी घाबरली. आपल्या हातून काहीतरी भयंकर झालंय, एवढं तिला कळलं. काय झालंय ते कळेना. मग तिचेही डोळे भरले. "हात लावू नको असं तरी कुठे म्हणाला होतात? तुम्ही तर मला कधीच काही सांगितलं नाहीत."

त्या दिवशी त्या घरात भाकरी करपली आणि कुणी कुणाला बोल लावला नाही.

सकाळी तो म्हणाला, "मी जात नाही मेळ्याला. काय दाखवू? चकत्या?"

बायकोनं घोंगडी काखेत मारली आणि ताटातली नाणी पदरात बांधली. "जायचं," ती म्हणाली. "घासली मी. बोलणी खायची वेळ आली तर मी खाईन. चला."

पटांगण माणसांनी फुललं होतं. एका सोनारानं सोन्याची नाणी मांडली होती. राणी पुढ्यात येताच तो घाईघाईनं किंमत सांगून मोकळा झाला, आणि दोन शिपायांनी हसत हसत त्याची घोंगडी गुंडाळली. राणी म्हातारी होती. प्रत्येक घोंगडीपुढे ती जमिनीवर बसायची. बसताना गुडघे कटकन वाजायचे आणि ती स्वतःच म्हणायची, "ही माझी जुनी नाणी!"

ती पिंजाऱ्याच्या घोंगडीपाशी आली आणि चकत्यांकडे बघतच राहिली.

"अरे देवा! कुणी घासली ही?"

पिंजारी तोंड उघडणार तोच बायको पुढे झाली. "मी घासली, राणीसाहेब. चिंच, राख आणि विटेचा चुरा."

विटेचा चुरा ऐकल्यावर सगळं पटांगण हसलं. शेजारच्या घोंगडीवरचा माणूस तर पोट धरून हसला. पिंजाऱ्यानं बायकोकडे पाहिलं. एरवी गावाला हसवणारी ती बाई मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. पारावर आपली जशी मान खाली गेली होती, तशीच. ते मात्र पिंजाऱ्याला बघवेना. स्वतःवरचं हसू टाळण्यासाठी त्यानं इतकी वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं. तिच्यावरचं हसू ऐकलं आणि त्याचं तोंड उघडलं.

"राणीसाहेब," तो म्हणाला, "ठसे गेले तरी प्रत्येकाचा काठ अन् ओळख मला पाठ आहे. सांगू का?"

"सांगा, पिंजारदादा," राणी म्हणाली.

"ह्याच्यावर हत्ती होता. सोंड वर केलेला. गावच्या सुईणीच्या उशीत हे मिळालं. तिला विचारलं तर म्हणाली, पहिलं बाळंतपण केलं तेव्हा कुणीतरी हातावर ठेवलं होतं. खर्च करवेना म्हणून उशीत शिवलं आणि विसरून गेले. आणि हे बघा, ह्याच्यावर टेकडी होती. ह्याचा काठ कापलेला आहे, कारण त्या राजाच्या काळात सुटे नसले की लोक नाणंच कापून द्यायचे. हे तांबटाच्या मोडीतून वाचवलं. तो चिमट्यात धरून मुशीत टाकत होता. मी त्याचा हातच धरला. शिव्या खाल्ल्या, पण राजा वाचला. आणि ही सगळी एका राजाची आहेत. एकावरही अख्खं नाव नव्हतं. ह्याच्यावर नावाचं डोकं होतं, ह्याच्यावर शेपूट. सगळी शेजारी ठेवली तेव्हा नाव लागलं. त्या दिवशी मी नाचलो होतो."

"तो विंचू!" बायको एकदम ओरडली.

पिंजारी सांगत गेला आणि लोकांचं हसणं थांबलं. माणसं जवळ सरकून ऐकू लागली. सगळ्यांत जवळ त्याची बायको सरकली होती. त्याचं बोलून संपलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. राणी समोर आहे, गाव समोर आहे, याचं तिला भान राहिलं नाही.

"इतकं सुंदर सगळं तुमच्याजवळ होतं," ती म्हणाली, "आणि मी एवढी वर्षं तुमच्या शेजारी होते. मला का नाही सांगितलंत?"

"हे मलाही ऐकायचंय," राणी म्हणाली.

पिंजारी खाली बघत म्हणाला, "वाटलं, तू हसशील."

"मी? मी हसते ते तुमच्या मिशांतल्या कापसाला हो. सुईणीच्या हत्तीला मी कशाला हसेन? सांगितलं असतंत तर तो पदराखाली जपला असता. आणि आता माझ्याच हातानं पुसला."

राणीनं घोंगडीवरची एक चकती उचलून पुन्हा जागेवर ठेवली. मग म्हणाली, "पिंजारदादा, नाणी आता बघण्यासारखी राहिली नाहीत, त्यामुळे नाणेघरात जायचा मान तुम्हाला देता येत नाही. पण ह्या बाईनं चूक लपवली नाही आणि विचारायला हवं ते सगळ्यांसमोर विचारलं. नाणेघरात ती जाईल. आत एकटीनं जायचं. तिनं काय घ्यावं ते कुणी सांगायचं नाही की खुणावायचं नाही."

बायको आत गेली आणि बाहेर पिंजाऱ्याचे हाल सुरू झाले. होडी! आत होडी होती! रिकाम्या घरट्याबद्दल तो बोललाच नव्हता. राणीपुढे ते बोलणं म्हणजे मागितल्यासारखं झालं असतं, म्हणून जीभ रेटली नव्हती. तेव्हा बायकोला ना घरटं ठाऊक, ना होडी. त्याला वाटलं, दाराशी जाऊन ओरडावं. पण ओरडायला मनाई होती. इतकी वर्षं सांगायला पूर्ण मोकळीक होती तेव्हा ह्यानं तोंड उघडलं नाही, आणि आज ते उघडायला आसुसलं तर राणीचा हुकूम आडवा आला. मला त्याची कीव येते आणि थोडं हसूही येतं. तुम्हालाही आलं तर दाबू नका.

बायको बाहेर आली. मूठ घट्ट मिटलेली होती. ती सरळ नवऱ्यापाशी आली आणि तिनं मूठ उघडली.

तळहातावर एक काळंहिरवं नाणं होतं. त्यावर हत्ती होता, सोंड वर केलेला.

"मी पुसला तो परत आणला," ती म्हणाली. "खूप शोधला. नीट बघून घ्या, तसाच आहे ना? आणि हे बघा, मी ह्याला बोटानं चोळलंसुद्धा नाही."

पिंजाऱ्यानं नाणं घेतलं, कपाळाला लावलं. बायकोचा चेहरा आनंदानं उजळला होता. आता गप्प बसावं, तिचा आनंद कशाला मोडा, असं त्याच्या मनात आलं. सवयच ती! पण मग त्याच्या लक्षात आलं की आत्ता गप्प बसलो तर पेटीचं झाकण पुन्हा बंद झालं.

"अगं," तो म्हणाला, "हत्ती पाहून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. हा मी कुणालाही देणार नाही. पण तुला एक खरं सांगतो. मला आतलं होडीचं नाणं हवं होतं. पेटीतलं पहिलं घरटं त्याच्यासाठीच ठेवलं होतं."

बायकोनं कमरेवर हात ठेवले.

"आत्ता सांगताय?"

"आत्ता सांगतोय."

"त्या घरट्याच्या मी वाती केल्या!"

ती आधी कपाळाला हात लावून उभी राहिली आणि मग जी हसायला लागली ती थांबेचना. पिंजाऱ्यालाही हसू फुटलं. राणी हसताना इतकी वाकली की दासींनी तिला धरलं. हसून झाल्यावर राणी म्हणाली, "बाई, बदलून घ्यायचं असेल तर घे. आज माझं मन मोठं आहे." पण नवराबायको दोघंही एकदम म्हणाली, "नको, हत्तीच राहू द्या."

"होडी मी शोधते," बायको म्हणाली. "आता मला कळलंय ना काय शोधायचं ते."

आणि तिनं शोध घेतला तो तिच्या पद्धतीनं, म्हणजे मोठ्यानं. ती नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडू लागली. तो अंगणात कापूस पिंजायचा आणि ती जात्यावर, विहिरीवर, चुलीपाशी बसून बायकांना सांगायची. कोळशानं उंबऱ्यावर होडी काढून दाखवायची. "असं नाणं असेल तर कळवा हं. झिजलेलं चालेल, तुटकं चालेल. फक्त घासू नका! माझ्यासारखं करू नका!" मग ती स्वतःची फजिती पहिल्यापासून सांगायची आणि बायका डोळे पुसत हसायच्या. त्या हसल्या की पिंजाऱ्याला आता गंमत वाटायची. तोही मधूनच म्हणायचा, "विटेचा चुरा राहिला सांगायचा." उशीत निघालेलं नाणं आता कुणी टाकून देत नसे. ते पिंजाऱ्याच्या बायकोसाठी राखून ठेवलं जाई, तेही न घासता. पेटी पुन्हा भरत गेली.

एका उन्हाळ्यात, पार नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावाहून नावाड्याची सून पोराला कडेवर घेऊन त्यांच्या दारात आली. पोराच्या करगोट्यात, दृष्ट लागू नये म्हणून, एक भोक पाडलेलं नाणं ओवलेलं होतं.

"सासूबाई म्हणतात ही होडी आहे," ती म्हणाली. "मला तर वहाण वाटते. आमच्याकडे पूर्वीपासून प्रत्येक पोराला हेच बांधतात. तुम्ही शोधताय असं मीठवाल्याकडून कळलं. सासूबाईंनीच धाडलंय."

पिंजारी वाकला. शिडाच्या बरोबर मधोमध भोक होतं. खाली मात्र होडीचा वाकलेला तळ होता, दोन वल्ही होती आणि पाण्याच्या रेषाही होत्या. राजवाड्यातलं नाणं याहून शंभरपट चांगलं असेल. पण ते मिळालं असतं तर मेळ्यातला मान म्हणून मिळालं असतं, आणि हे तर एका बाळाच्या कमरेवरून चालत घरी आलं होतं. पोरगं काही सहजासहजी सोडेना. त्याला करगोट्यात बांधायला नवी तांब्याची कडी दिली, शिवाय वर एक मऊ मऊ उशी दिली, तेव्हा कुठे सौदा जमला.

नाणं पिंजाऱ्याच्या हातात आलं. ते डोळ्यांजवळ न्यायच्या आधी तो आत वळून ओरडला, "अगं, आधी तू ये! तू बघ!"

ती पिठाचे हात पुसत धावत आली. त्यानं नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. ते धुरानं आणि तेलानं काळवंडलेलं होतं, आणि माहेरची सवय अशी वाईट की तिचा अंगठा आपोआप चोळायला उचलला गेला. तिनं तो तिथल्या तिथे मुठीत दडपला. दोघं दारातल्या उजेडात डोक्याला डोकं लावून होडी बघत बसली आणि नावाड्याची सून पाणी मागून मागून दमली.

पुढच्या मेळ्यात त्यांच्या घोंगडीपुढून लोक हलेनात, कारण एकेका नाण्याची गोष्ट सांगताना दोघं एकमेकांना बोलूच देत नव्हती. त्यांची पेटी मग कधी कोनाड्यात गेली नाही. ती ओट्यावर उघडी असायची आणि तिच्यावर नजर ठेवायला सगळा गाव होता.

म्हणून लहानथोरहो, एवढं ध्यानात असू द्या: जे जिवापाड जपायचं आहे ते आपल्या माणसांना आधी उघडून दाखवावं, कारण ज्याची किंमत त्यांना कधी सांगितलीच नाही ते ती प्रेमानंसुद्धा पुसून टाकतात.